कुंकवाखालची धार

बाबा, धार नव्यानं लावली की हत्यार आधीच्याच माणसाचं राहतं का? आठवडाभर मी हे स्वतःला विचारते आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून पाड्यावरचे लोक रेशनकार्डापासून तापाच्या गोळीपर्यंत सगळं मला विचारतात आणि मी उत्साहानं सांगतेही. हे मात्र मी कुणाला विचारावं ते कळेना, म्हणून तुला लिहिते.

वसईच्या वर्कशॉपमधलं टर्नरचं काम सोडून तू मोखाड्याला परतलास, तेव्हा टेबलावर मावेल एवढा जुना लेथ सोबत आणलास. जीपवाला म्हणाला होता, “मामा, ह्याचं तिकीट कोण काढील?” तू म्हणालास, “माझ्या मांडीवर बसंल, अर्धंच लाव.” आयुष्यभर मालकासाठी लोखंड कापलं, आता हौसेनं पितळ कापायचं, म्हणून तू पडवीत भोवरे करायचास. अजून दिसतं: मी जव्हारच्या कॉलेजातून संध्याकाळच्या एसटीनं घरी येते, तर तू धार लावायच्या ग्राइंडरपाशी बसलेला असतोस. “ओढणी खोच. केस बांध. मग चाकाजवळ ये.” बोटभर लांबीची हायस्पीड स्टीलची चौकोनी कांडी, लेथचं कापायचं हत्यार, तू माझ्या हातात देतोस. मी ती घासते, डब्यातल्या पाण्यात बुडवते, पुन्हा घासते आणि अभिमानानं लेथवर चढवते. लेथ नुसता किंचाळतो. तू हसतोस. “चकाकतंय लय, नवरीवानी. पन कापील कोण?” धारेखालची बाजू मी आत उतरती घासलीच नव्हती, धार टेकण्याआधी तिचं पोटच पितळावर घासत होतं. “पोट आत घे त्याचं. आन नखावर टेकवून बघ. घसरलं तर धार नाय, अडकलं तर हाय.” त्या दिवशी माझं जेवण थंड झालं, पण कांडी नखावर अडकली.

तू गेल्यावर तुझ्या हातची शेवटची घासलेली कांडी आईनं देव्हाऱ्यात ठेवली. दर खंडेनवमीला ती तिला हळदकुंकू वाहते. लेथ मी चालू ठेवला. बाकीच्या कांड्या घासून घासून इतक्या तोकड्या झाल्या की लेथच्या पकडीत बसेनात. नाशिकहून नव्या मागवल्या होत्या, त्या आल्या नव्हत्या. नेमकं तेव्हाच आमच्या बायकांच्या गटाची नागलीची गिरणी बंद पडली. आतला बुश, दांडा ज्यात फिरतो ती धातूची कडी, झिजला होता. सुगी नुकतीच झालेली, आणि बाया पोती घेऊन पुन्हा जीपनं जव्हारला जाऊ लागल्या. बाजारात कुणीतरी मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणालं, “बायांची गिरनी, चार दिसांची.” हा गट मी दारोदार फिरून जमवला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर तो मोडला असता. नव्या बुशसाठी गनमेटल धातूच्या तुकड्यात मी भोक पाडून घेतलं होतं. बाहेरची बाजू लेथवर मापात कापायची राहिली होती, आणि त्याला पुरेशी लांब अशी एकच कांडी घरात होती.

“तिला हात लावू नको,” आई म्हणाली. “त्येच्या हातची शेवटची धार हाय ती.”

“घासणार नाही गं. आहे तशीच लावते. एकदाच.”

तिनं आधी देवांना हात जोडले, मग स्वतःच ती काढून दिली. मी ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. आमच्या पावसाळ्यांची ओल त्या कुंकवानं धरून ठेवली होती; खाली गंज होता आणि धारेला बारीक खड्डे पडले होते. मी ती नखावर टेकवली. घसरली. आई बघत होती. ती आत गेली आणि मी ग्राइंडरपाशी बसले. बटण दाबायला हात होईना. दिलेला शब्द मोडायचा होता, आणि तुझं जे काही त्या कांडीत उरलं होतं तेही घासून टाकायचं होतं. तेवढ्यात पाण्याचा डबा माझ्याजवळ आदळला. “पानी न घेताच बसलीस? बापासारखी बोटं जाळायचीत का?” असं म्हणून आई तिथंच उंबऱ्यावर बसली, आणि मी चाक सुरू केलं.

कांडी नखावर अडकली. बुश बसला, गिरणी सुरू झाली. पहिलं पीठ आईनं चिमटीत घेऊन बघितलं आणि म्हणाली, “जाडं हाय.” नंतर त्याच पिठाची भाकरी दोनदा मागून घेतली.

कांडी परत देव्हाऱ्यात गेली नाही. ती लेथवरच आहे. हे पत्र मी कुठं टाकणार, तेही मला माहीत नाही. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी चाकाखाली पडलेली काळी भुकटी मी इतके दिवस झाडली नव्हती. तिच्यात तुझी धार होती. आज सकाळी झाडली.