चढावर ओरडू नये

तीर्थरूप मामा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते असं लिहिणार होते, पण त्यातला एक प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा दुसऱ्यावर ठेवलंय असं समज. पाय कसा आहे? बोटं हलतात का? खाज सुटली की मामीची विणायची सुई आत घालत जाऊ नकोस, ती सुई कुठे गेली हे तिला अजून कळलेलं नाही (मामी, तू हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवत असशील तर मागचं वाक्य गाळायचं होतं. आता राहू दे). इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे ठीक, बाबांचा खोकला ठीक, म्हणजे दोन्ही होते तिथेच आहेत. तू उभं आयुष्य रोलर कोस्टरच्या खांबांवर माकडासारखा चढलास आणि पडलास कुठून, तर घरातला पंखा पुसताना स्टुलावरून, हे मी आमच्या मंडळात सांगितलं तेव्हा सगळे फार हळहळले. स्टुलाला पट्टा नव्हता ना, असं अध्यक्ष म्हणाले.

तर रविवारचं. तुझ्या पार्कच्या मालकाने तुला फोनवर त्याच्या बाजूने सांगितलंच असेल, पण तो खाली होता आणि मी वर, तेव्हा माझं जास्त खरं. तू मला काम सोपं दिलं होतंस हे मान्य. पार्कातली आपली जुनी रोलर कोस्टर, ‘वादळ’, मालक भंगारात काढणार, कारण त्याला चक्कर येते. म्हणजे चक्कर येते म्हणून तो स्वतः कुठल्याच राइडमध्ये बसत नाही, तिकीट खिडकीच्या वरच्या ऑफिसात बसून नुसते कान लावतो. पाण्याच्या घसरगुंडीवरून किंकाळ्या येतात, फिरत्या कपबशांतून बारक्या पोरांचं भोकाड येतं, ‘वादळा’कडून मात्र हल्ली फक्त खडखडाट येतो (येणारच! रिकामी गाडी दुसरं काय करणार, पाढे म्हणणार?). ज्या राइडमधून माणसाचा आवाज येत नाही ती राइड मेली, हा त्याचा हिशोब. म्हणून तू म्हणालास, तुझी ती वेडी माणसं गाडीभर घेऊन ये आणि त्यांना बोंबलायला सांग, बाकी काही करू नकोस. मामा, देवाशपथ मी बाकी काही करणारच नव्हते.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आम्ही वेडे नाही, रसिक आहोत. आमचं रोलर कोस्टर रसिक मंडळ आहे, आम्ही दर महिन्याला एखाद्या पार्कात जातो आणि मत देतो. मत कुणी मागितलेलं नसतं, त्यामुळे ते निर्भीड असतं. हायवेवरच्या नव्या पार्कातली ती निळी राइड बाहेरून पाहिली की छाती दडपते आणि आत बसलं की हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये बसल्यासारखं वाटतं, हे आमच्या अध्यक्षांचं मत. तळ्याकाठच्या पार्काबद्दल एकमत आहे, तिथे राइडपेक्षा राइडमधले फोटो विकणारं दुकान मोठं आहे आणि खरी भीती त्या दुकानात वाटते. टेकडीवरच्या पार्कात स्पीकरवरची बाई सूचना देत राहते, देत राहते, तिचं संपेपर्यंत माणसाची भीती उतरलेली असते आणि भूक लागलेली असते. आणि डायनासोरवाल्या पार्कात गाडी बोगद्यात शिरली की तो रबरी प्राणी गुरगुरतो. म्हणजे राइडला स्वतःला जमत नाही म्हणून ओरडायला माणूस ठेवलाय, असं मत आम्ही तिथे दिलं, तर तिथला मॅनेजर म्हणाला, माणूस नाही, मोटर आहे.

आता ज्यामुळे घोटाळा झाला ते. आमच्यात मौन फेरी असते. कुठल्याही राइडची पहिली फेरी मंडळ तोंड मिटून करतं. हात मांडीवर, मान सरळ, ओठ बंद. बूड सीटवरून सुटतं आणि पोट वरच राहतं ना, त्याला आम्ही अधांतर म्हणतो, ते नीट चाखायचं तर ओरडून चालत नाही, तोंडातून सगळं निघून जातं. ही पद्धत अध्यक्षांनी घालून दिली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. आठवडाभर लोक त्यांच्यापुढे तोंड उघडून बसतात, रविवारी तरी मिटावं अशी त्यांची इच्छा असणार. राइड भिकार असली तर लोक शेवटी शेवटी जांभया देतात, खोकतात. राइड चांगली असली तर शांतता घट्ट होत जाते. हे बाहेरच्या माणसाला समजत नाही, आणि तुझा मालक हा जगातला सगळ्यात बाहेरचा माणूस आहे.

मी अध्यक्षांना फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, सर, माझ्या मामाने त्या गाडीची मुलासारखी काळजी घेतलीय, एकदा ओरडा. तर ते दुखावले. ‘‘आपण मत देतो. आवाज पुरवत नाही.’’ शेवटी तडजोड झाली की पहिली फेरी मौन, आणि राइड लायक ठरली तर दुसऱ्या फेरीला ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर ओरडावं. मी मूर्खासारखी खूश झाले.

रविवारी आमची मिनीबस पोचली तेव्हा मालक इस्त्रीचा शर्ट घालून गाडीच्या फलाटाजवळ खुर्ची टाकून बसला होता. शेजारच्या खुर्चीत भंगारवाला. गळ्यात मोजायची टेप, शिंप्यासारखी. तो मधूनच उठायचा, एखाद्या खांबावर टिचकी मारायचा, कान लावायचा आणि मान डोलवायचा. तुझ्या जागी केबिनमध्ये तिकीट खिडकीवाला बसला होता, घामाघूम. तू त्याला फोनवर इतके नियम पाठ करायला लावलेस की तो आम्हाला नमस्कार करण्याऐवजी ‘‘पट्टा, दांडा, चष्मा, ओढणी’’ एवढंच म्हणाला.

गाडी भरली. निघाली. मामा, मी त्या गाडीत लहानपणापासून बसते, पण रविवारी काय चालली ती! चढ, वळण, पहिला उतार, आणि मग ती जागा, जिथे अंधारात जिना उतरताना पायरी आहे असं वाटावं आणि नसावी तसं होतं. अख्खं मंडळ सीटवरून उठलं. कुणाच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. मी अशी शांतता कधी ऐकली नव्हती. डोळ्यांत पाणी यायची वेळ आली आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही फलाटावर पोचलो, म्हणजे मालकासमोर. त्याला काय दिसलं असेल याचा विचार कर. वीस प्रौढ माणसं, हात मांडीवर, कुणाच्या तरी घरी भेटायला जाऊन आल्यासारखे चेहरे. मणका (हा विमा कंपनीत आहे, आठवडाभर लोकांना सांभाळून राहा सांगतो आणि रविवारी कमरेला पट्टा बांधून आमच्याबरोबर येतो, म्हणून हे नाव) डोळे मिटून बसलेला. लायब्ररीतल्या बाईंच्या गालावरून पाणी ओघळतंय.

मालक म्हणाला, ‘‘झालं? एवढंच?’’

भंगारवाला म्हणाला, ‘‘लोखंड जुनं आहे, पण जातीचं आहे.’’

मी अध्यक्षांच्या कानाला लागले, सर, आता ओरडायची फेरी. तर अध्यक्ष कसल्या तरी तंद्रीत होते. म्हणाले, अशी राइड आपल्या भागात आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, याची मंडळाला लाज वाटली पाहिजे. हिच्यावर ओरडणं हा अपमान आहे. दुसरी फेरीसुद्धा मौनच होईल, जागा बदलून, पुढचे मागे. मी म्हटलं, सर, पाया पडते. तर सगळे माझ्याकडे ओठांवर बोट ठेवून बघायला लागले, लायब्ररीतल्या बाई तर फारच सराईतपणे.

तेवढ्यात भंगारवाला म्हणाला मीही बसतो, वरचे जोड बघायचेत. बसला माझ्या शेजारी. टेप गळ्यातच.

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? शेजारी गिऱ्हाईक, मागे मौन, खाली मालक. मी ठरवलं, मंडळाच्या वतीने आपण एकटीने ओरडायचं. आणि कुठे ओरडलं तर मालकाला नीट ऐकू जाईल? चढावर. गाडी सावकाश असते, खडखडाट कमी, आणि वर जाताना अगदी फलाटावरूनच जाते. मी छाती भरून घेतली आणि अशी किंकाळी ठोकली की भंगारवाल्याने दांडा सोडून माझा हात धरला.

तुझा नियम तुला माहीत आहे. मला नव्हता. उतारावर लोक मजेने ओरडतात, चढावर मजेने कुणी ओरडत नाही, चढावर आवाज आला म्हणजे कुणाचं काहीतरी अडकलंय, लाल बटण दाब, आणि आवाज बंद होईपर्यंत गाडी सोडू नकोस. तिकीट खिडकीवाल्याने दाबलं. गाडी टोकाच्या जराशी अलीकडे थांबली. इतक्या वर्षांत तुझ्या हातून एकदाही मध्येच न थांबलेली गाडी, मामा. मामी, त्याला पाणी दे आणि मग पुढे वाच.

वर वारा होता. पार्क दिसत होतं, पार्किंग दिसत होतं, आणि लांब हायवेच्या पलीकडे ती नवी निळी राइड चकचकत होती. फेरी अर्ध्यात थांबली की मौन संपतं असा आमच्यात नियम आहे (आमचेही नियम आहेत, तुझाच ठेका नाही). मणक्याने त्या निळ्या राइडकडे बघून एक सुस्कारा सोडला आणि म्हणाला, ‘‘काही म्हणा, पण आरामशीर तीच.’’

बस. काडी पडली. मागून अध्यक्ष गरजले, ‘‘आराम पाहिजे तर घरी सोफ्यावर झोप ना!’’ मणका म्हणाला, ‘‘तुमचं काय जातंय, तुमची कंबर शाबूत आहे!’’ लायब्ररीतल्या बाई, ज्यांचा आवाज मी आजवर नीट ऐकला नव्हता, त्या किंचाळल्या, की कमरेवरून राइडची पारख करणारा माणूस मंडळात घेतलाच कुणी? मग तळ्याकाठचं पार्क निघालं, डायनासोर निघाला, पुढची सीट श्रेष्ठ की मागची हे निघालं, कोण कुठल्या पार्कात ओकलं होतं ते निघालं. सगळे एकाच वेळी ओरडत होते, माना मागे वळवून, दांड्यांवर मुठी आपटत. भंगारवाल्याला राहवेना. तो म्हणाला, ‘‘ती निळी ना? तिचे नळ पोकळ आहेत हो, मी स्वतः वाजवून बघितलेत!’’ त्यावर अर्ध्या मंडळाने टाळ्या वाजवल्या आणि अर्ध्याने त्याला खाली उतर म्हणून सांगितलं, जे त्या क्षणी शक्य नव्हतं.

आणि खाली तिकीट खिडकीवाला बटणावर हात ठेवून बसलाय, कारण आवाज बंद होईपर्यंत सोडायचं नाही. तो सोडत नाही म्हणून आमचं भांडण संपत नाही, भांडण संपत नाही म्हणून तो सोडत नाही. आवाज ऐकून घसरगुंडीवरची माणसं ओल्या कपड्यांनी पळत आली. वर कसली राइड आहे, तिकीट कुठे मिळतं, रांग कुठून आहे, असं विचारायला लागली. आणि रांग झाली, मामा. ‘वादळा’समोर रांग. मालक खुर्चीवर चढून उभा होता, डोळे मिटून, कान आमच्याकडे करून, गाणं ऐकावं तसा.

शेवटी सगळ्यांचे घसे बसले तेव्हा गाडी सुटली. उतारावर कुणाच्यात ओरडायचं त्राणच नव्हतं.

तर थोडक्यात सांगायचं म्हणजे काम फत्ते. मालकाने सगळ्यांसमोर सांगितलं की ‘वादळ’ राहणार. भंगारवाल्याने टेप गुंडाळली आणि मंडळाचं सभासद व्हायला काय करावं लागतं ते विचारलं. तू निर्धास्त झोप, पाय उशीवर ठेव, पंखे पुसू नकोस. मामीला नमस्कार, सुईबद्दल सॉरी.

तुझी लाडकी (असं समजते) भाची

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. मालकाची एक अट आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या गाडीत लोक चालताना गप्प बसतात आणि थांबल्यावर ओरडतात, म्हणजे तिची खरी मजा थांबण्यात आहे. तेव्हा यापुढे प्रत्येक फेरीला ती टोकाशी थांबवायची. बोर्डसुद्धा रंगवायला दिलाय, ‘मध्येच थांबणारं वादळ’. मी त्याला समजावलं. तो म्हणाला, थांबवायची नाही तर भंगारवाल्याला परत बोलावतो. (तो येणार नाही, तो आता आमच्यात आहे. पण भंगारवाले दुसरेही असतात.)

ता. क. २. मंडळाचं अधिकृत मत: ही आपल्या भागातली सर्वोत्तम राइड होती. आता ती मध्येच थांबते म्हणून रोलर कोस्टरमध्ये धरता येत नाही. अध्यक्षांना फार वाईट वाटलं. त्यांनी तुझ्या दातांबद्दल विचारलंय.

ता. क. ३. मला ठाऊक आहे की ते बटण तू दाबणार नाहीस. मालकालाही मी तेच सांगितलं, माझा मामा गाडी चालवेल, तपासेल, तेल घालेल, पण थांबवणार नाही, त्यासाठी वेगळं माणूस ठेवा. तर तो म्हणाला, ठेवतो, चढावर इतकं चांगलं कोण ओरडलं होतं तिलाच ठेवतो. मी हो म्हटलंय. थांबवायची ती मी थांबवीन, तुझ्या हातून ती थांबलेली नाही हे तसंच राहील. सोमवारपासून जातेय. आईला वाटतंय मी बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जातेय. तिला तू सांग, मामा. पाय प्लास्टरमध्ये आहे तोवरच सांग, तोवर ती तुला काही करणार नाही.