दगडाच्या जागी गुणा

१२ फेब्रुवारी १९८३, लातूर

आज पुन्हा कानाखाली. आधी गुणाच्या, मग मधे पडले म्हणून माझ्या. सात वर्षांची पोर— बोलत नाही, नजर देत नाही, भिंतीवर डोकं आपटते. टँकरपाशी घागरींचा खडखडाट झाला आणि जी किंचाळायला लागली ती थांबेना. हे म्हणाले, "नवा जिल्हा झाला म्हून कलेक्टर कचेरीत शिपाई झालो. अन् ही चार लोकांत तोंड काळं करून राहिली माझं." जसे काही कलेक्टर आमच्याच टँकरला घागर लावतात.

१४ फेब्रुवारी

आज मीच मारलं. उलथण्यानं. दंडाला चावली म्हणून. यांना नावं ठेवते आणि हात तसाच चालतो माझा. लाज वाटते.

१५ फेब्रुवारी

तिला ओढत शिवरात्रीच्या जत्रेतून येत होते. दुष्काळात जत्रा कसली, नुसता फुफाटा. मन्मथअण्णांचा लाकडी पाळणा, चार पेट्या, हातानं फिरवायचा. गिऱ्हाईक एकच पोरगी, म्हणून समोरच्या पेटीत वजनाला दगड. गुणा जाऊन त्या दगडांवरच बसली. उतरवायला गेले तर अण्णांनाही कडाडून चावली. ते रक्त धोतराला पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ओ बाई. दगड काढतो. हीच बसंल वजनाला."

पाळणा फिरला आणि ती हसली. मोठ्यानं, पोट धरून! सात वर्षांत पहिल्यांदा. मी पदर तोंडात कोंबून रडले.

१८ फेब्रुवारी

रोज जातो. उतरली की निवांत भाकरी खाते. डोकं आपटणं नाही. तीन दिवस घरात कुणी मार खाल्ला नाही.

१९ फेब्रुवारी

कुणीतरी कागाळी केली. हे जत्रेत आले, पाळणा अडवला, पोरीला केसाला धरून खाली खेचलं. तिचा ओठ फाटला. अण्णा सोडवायला आले तर तिथलाच एक दगड त्यांच्या कपाळात घातला. घरी आणून तिला खांबाला बांधलं. "सोमवारी कंधारच्या देवऋष्याकडं नेतो. चाबकानं अंगातलं झाड, भूत उतरवतो त्यो."

सासऱ्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले देव विहिरीत टाकले. आणि त्यांचा लेक नातीला देवऋष्याकडं नेणार.

२० फेब्रुवारी

सकाळी विळ्यानं दोरी कापत होते. यांनी मागून माझा गळा धरला. विळा हातातच होता. यांच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओढला.

मरणार नाहीत. शेजारच्या सरजाबाईंनी लुगडं फाडून हात बांधला, दवाखान्यात नेलं. जाताना मला म्हणाल्या, "आता हितं थांबू नको, बाई."

२१ फेब्रुवारी, जळकोटच्या वाटेवर

जत्रा उठली. पाळणा गाडीत बांधला, अण्णांनी आम्हालाही वर बसवलं. दगड अण्णांनी लातुरातच टाकून दिले. आता वजनाला आम्ही दोघी.