टॅन्सीच्या गोळ्या

प्रिय जोलीन,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, तरी लिहिलं. बावीस वर्षांत तुला दुसरं काही म्हटलेलं नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'वेल्मा, आधी शांत हो बघू,' म्हणतेस आणि मी मूर्खासारखी खरंच शांत होते. आज मला शांत व्हायचं नाही.

आधी एक सांगते, म्हणजे 'वेल्मा जनावरांच्या डॉक्टरांच्या बाजूला गेली' असं म्हणायला तुला वाव नको. मी कुठेही गेलेली नाही. आजही सकाळी कुत्र्यांसाठी हाडांचा रस्सा चढवते, त्यात कांद्याचं सालसुद्धा पडू देत नाही. भोपळा वाफवते, काळीज मोजकंच घालते, अंड्याच्या टरफलांची पूड करते. माझा कुत्रा बार्नी खाजवून खाजवून रक्ताळला होता. पिशवीतलं कोरडं खाणं बंद केलं आणि तीन महिन्यांत त्याच्या अंगावर पुन्हा केस आले. ते तूच करून दाखवलंस. माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून तू त्याला हाताने मासे भरवत होतीस, तुझ्या स्वेटरला आठवडाभर वास येत होता. तिथेच आपण ठरवलं, जुन्या बेकरीची जागा घ्यायची आणि गावातल्या कुत्र्यांना ताजं जेवू घालायचं. ती जोलीन मला आवडायची. ती कुत्र्याला आधी हात हुंगू द्यायची, दात बघायची, पोट चाचपायची, आणि काही समजलं नाही तर सरळ म्हणायची, 'हे माझ्या आवाक्यातलं नाही, डॉक्टरांना दाखवा.'

हे वाक्य तू शेवटचं कधी बोललीस, आठवतं का? मला आठवत नाही. तू बर्लिंग्टन शहरात गेलीस, तिथे तुझ्या व्याख्यानांना सभागृहं भरायला लागली, लोक वह्या घेऊन तुझ्यासमोर बसायला लागले, आणि तुला सगळंच कळायला लागलं.

फेब्रुवारीत तू दोन दिवस इकडे आली होतीस. ऑर्विल थिबो दुकानात आले, आपल्या कुत्रीला, टॅन्सीला घेऊन. ज्या माणसाने चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, गावातली अर्धी पोरं ज्याने बर्फातून सुखरूप घरी पोचवली, तो तुझ्यापुढे टोपी हातात धरून उभा होता. टॅन्सीला पूर्वी फिट यायच्या. गोळ्या सुरू केल्यापासून दोन वर्षांत एकही आली नव्हती. त्यांनी साधंच विचारलं होतं, 'पोरी, हिचं वजन फार वाढलंय गं, खायला काय देऊ?' तू आहार सांगितलास, उत्तम सांगितलास. तिथे थांबायचं होतं. पण तू त्यांच्या खिशातली गोळ्यांची बाटली मागून घेतलीस, उजेडात धरलीस आणि म्हणालीस, 'हे विष घालताय तुम्ही रोज तिच्या पोटात. अन्न नीट द्या, शरीर आपलं आपण सावरतं. आजपासून बंद.' आजपासून! ते म्हणाले, 'पण डॉक्टर तर…' आणि तू हसलीस. 'डॉक्टर काय शिकतात कुत्र्यांच्या जेवणाबद्दल? माझ्यावर विश्वास आहे ना?'

होता गं. आंधळा होता.

पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांचा फोन आला. मी पोचले तेव्हा टॅन्सी टेबलाखाली पडली होती, चारही पाय ताठ, तोंडाला फेस. एक फिट ओसरते न ओसरते तोच दुसरी. माझ्या ट्रकमधून आम्ही निघालो. अठरा मैल, रस्त्यावर बर्फ. ऑर्विल तिला मांडीवर घेऊन एकच म्हणत होते, 'आलंच हं बाळा, आलंच.' चर्चच्या वळणाशी ती गेली. मला आरशातून दिसलं. त्यांना दिसलं नाही, की बघायचं नव्हतं, कोण जाणे. दवाखान्याच्या दारापर्यंत ते तिच्याशी बोलत राहिले. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, 'या गोळ्या अशा एका दिवसात तोडायच्या नसतात. कमी करायच्याच असतील तर महिनोन्‌महिने, हळूहळू, आमच्या नजरेखाली.'

मी तुला त्याच दिवशी कळवलं. मला वाटलं, रडशील. तू विचारलंस, 'मधे काही भलतंसलतं खायला घातलं होतं का त्यांनी?' आणि संध्याकाळी हेच तू त्यांनाही फोन करून विचारलंस! ज्या घरात कुत्रीचं भांडं अजून धुतलं नव्हतं, त्या घरात! त्यांनी आठवून आठवून सांगितलं, हो, शुक्रवारी चीजचा एक तुकडा दिला होता, ती फार आशेने बघत होती म्हणून. आणि तू म्हणालीस, 'बघा, म्हणूनच मी सांगत होते, नियम काटेकोर पाळा.'

जोलीन, माणूस चुकतो. चूक मी गिळली असती. पण स्वतःची चूक उचलून त्या म्हाताऱ्याच्या ताटात वाढलीस, हे मला गिळता येत नाही.

आणि मी कुठली मोठी शहाणी? तू 'आजपासून बंद' म्हणालीस तेव्हा मी चार हातांवर उभी होते. मला माहीत होतं. पण तुझ्या चेहऱ्यावर ती चमक होती, आणि चारचौघांत तुला टोकायचं धाडस मला झालं नाही. मी रस्सा ढवळत राहिले. आज जी आग ओकतेय तिच्यातली निम्मी माझ्यावरच आहे.

काल ऑर्विल दुकानात आले. बारीक झालेत. त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं, वर तुझं नाव. म्हणाले, 'एवढं टपालात टाक. जोलीनने इतकं मनापासून सांगितलं आणि मी तिच्या मेहनतीची माती केली. माफी मागायची राहिली होती.' मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. टॅन्सी कशाने गेली, डॉक्टर काय म्हणाल्या, मी तोंड शिवून कशी उभी राहिले, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, माझा हात थोपटला आणि म्हणाले, 'तू मैत्रीण आहेस म्हणून माझं मन राखतेस. जोलीनला जास्त कळतं.' ते पाकीट मी टपालात टाकलेलं नाही, टाकणारही नाही. ते घ्यायला तुला इथे यावं लागेल. त्यांच्या घरी जा, त्यांच्यासमोर बस, आणि चूक तुझी होती हे तुझ्या तोंडाने सांग. माझं ते ऐकत नाहीत, जोलीन. या जगात फक्त तुझंच ऐकतात.

अजून तरी तुझीच,
वेल्मा