एका मुलाला एक स्पंज

६ जानेवारी, मंगळवार
माझं नाव सांगितलं! सगळ्यांच्या देखत!

रविवारी मुरबाडजवळच्या रिसॉर्टवर वाढदिवस होता. सारिकाताईने आणि मी मिळून वीस पोरांचे चेहरे रंगवले. त्यातल्या वाघ झालेल्या मुलाच्या आईने आज सारिकाताईच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला — गालभर लाल पुरळ. सारिकाताईने लगेच खाली लिहिलं, ‘स्पंज अक्षदाने धुतले होते.’

धुतले होतेच. साबणाने, दोनदा, कडक उन्हात वाळवून. वीसच्या वीस पिशवीत होते. तिनेच तीन काढले. “एवढ्यात होतंय गो. कोन बघतंय?” एका स्पंजाने सहा-सात पोरं! आणि नाव माझं. तीन वर्षं तिची रंगांची पेटी उचलली मी.

७ जानेवारी
आई म्हणते, “जाऊ दे. काम तिनंच शिकवलं ना तुला?”

शिकवलं. स्पंज भिजवून असा पिळायचा की थेंब पडता कामा नये. ओला राहिला तर रंग ओघळतो. रंग घेतला की थोपटायचं, घासायचं नाय. आणि एका मुलाला एक स्पंज — हेही तिनंच शिकवलं!

९ जानेवारी
ग्रुपमधून मला काढलं.

११ जानेवारी
मुरबाडला गेले, स्वतःचे स्पंज घ्यायला. भांडी घासायचा स्पंज गालावर फिरवून बघितला — टोचतो, रंगाला चरे पडतात. शेवटी मेकअपच्या दुकानात गोल, जाड, बारीक भोकांचे मिळाले. चिमटीत दाबून सोडले की लगेच फुगतात. घरी येऊन मधोमध कापले. सरळ कडेने पट्टे येतात, गोल बाजूने गाल भरतो. चाळीस तुकडे झाले. कोणाच्या पेटीतले नाय, माझे!

१३ जानेवारी
भातसानगरच्या बाजूला एक शाळा आहे. तिथल्या गॅदरिंगचं काम दरवर्षी सारिकाताईकडे. आज मी जाऊन तिथल्या नम्रता मॅडमना तो फोटो दाखवला. “एकाच स्पंजाने पोरं रंगवते ती. हे बघा काय झालं.” मॅडमचा चेहराच उतरला. काम मला दिलं.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — लय बरं वाटलं.

आईने माझं ताट वाढलं आणि स्वतःचं घेऊन ओट्यावर जाऊन बसली.

१७ जानेवारी
मुरबाडच्या स्टँडवर सारिकाताई. मी तोंड फिरवलं, तर तीच आली.

“माझी शाळा घेतलीस गो?”

“तुमी माझं नाव घेतलंत.”

“घेतलं. घाबरले. वाटलं, तुला कोन ओळखतंय, दोन दिवसांत विसरतील.” मग खाली बघत म्हणाली, “शाळेतनं बातमी पसरली. आता मला कोनी बोलवत नाय.”

“मग वापरायचे होते वीस स्पंज!” म्हटलं आणि जीपमध्ये बसले. आमच्या धसईला उतरताना जीपचं दार आपटून लावलं. रागाने. दुसरं काय!

२० जानेवारी
गॅदरिंग. चाळीस पोरं, चाळीस स्पंज. वापरलेला तुकडा लगेच वेगळ्या पिशवीत. फुलपाखरं, हरणं, एकाला खेकडाच पाहिजे होता — काढला! लहान पोरांचं डोळ्याजवळ करताना हनुवटी धरून नाकाला नाक लागेल इतकं जवळ बसावं लागतं. एक चिमुरडी गुदगुल्या होऊन माझ्या मांडीवरच कोसळली. मॅडम म्हणाल्या, “इतकं स्वच्छ काम आधी कोणी केलं नव्हतं.” ऐकायला सारिकाताई हवी होती.

अंग कसकसतंय. दिवसभर वाकून.

२१ जानेवारी
सकाळी कपाळावर, पोटावर, पाठीवर पाणी भरलेले फोड. डॉक्टर म्हणाले, “कांजण्या. दोन-तीन आठवड्यांपूर्वी कोणाकडून तरी आल्यात. फोड दिसायच्या आधीपासून लागण होते, पोरांजवळ गेली नाहीस ना?”

वाघाच्या आईला फोन लावला. “हो, त्याला कांजण्याच निघाल्या. सांगायचं राहूनच गेलं बघ.”

स्पंजाचं काहीच नव्हतं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या चाळीस पोरांच्या घरी फोन लावायला लागल्या. सारिकाताईला चारदा लावला. उचलत नाय.