मशीनवर आहेत

रविवार, ता. १४ नोव्हेंबर

प्रिय ठिणगी,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून आधी दचकली असशील, म्हणून पहिल्यांदा तेच सांगतो. इथं सगळे धडधाकट आहेत. कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही, वखारीला आग लागलेली नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे आणि सुट्टीच्या दिवशीही मला अंगण झाडायला लावून स्वतः मशीनला तेल-पाणी करते आहे. का, ते पुढे येईलच. मेहुण्यांना माझा नमस्कार सांग. भाची सासरी रुळली का? लहानपणी ती भुशाच्या ढिगात घर करायची आणि आत गेल्यावर आम्हालाच दार वाजवायला लावायची. आता तिचं खरं घर झालं, ते पाहायचं राहूनच गेलं.

खिशात फोन असताना हा माणूस कागद कशाला काळे करतो, असं तू म्हणशील. सांगतो, पण माझ्या चालीनं येऊ दे. ओंडका गाठीच्या बाजूनं फोडायला घेतला तर कुऱ्हाड अडकते, हे तुला मी काय सांगायचं.

तुझा फोन येऊन दोन वर्षं झाली. तक्रार करत नाही. तक्रार करायचा हक्क मला उरला आहे का, हे पत्र वाचून तूच ठरव.

आधी वखारीची बातमी देतो. आता सरपणाच्या धंद्यालाही कायदा आला आहे. बाबा कवेनं मोजून लाकूड द्यायचे आणि वर दोन ढलप्या टाकून गिऱ्हाइकाचं तोंड बंद करायचे. ते दिवस गेले. आता थप्पीवर विकायचं नाही, काट्यावर तोलून विकायचं. ओलं लाकूड विकायचं नाही. दोन सुया असलेली एक डबी लाकडात टोचतात, ती ओल किती ते दाखवते, आणि आकडा चढला की सगळी गाडी परत छपराखाली. लाकूड कुठल्या रानातून आलं, कोणी तोडलं, त्याचा दाखला लागतो. आपला बेकरीवाला म्हणतो, माझा जन्मदाखला मला अजून सापडत नाही आणि तुझ्या ओंडक्याकडे तो आहे. मी सुरुवातीला पुष्कळ आदळआपट केली. पण खरं सांगू का, नियम तितके वाईट नाहीत. ओलं लाकूड बंद झाल्यापासून बेकरीच्या धुराड्यातून काळा धूर येत नाही आणि समोरच्या बाया वाळत घातलेले कपडे दोनदा धूत नाहीत.

तुला ती दोन मुठींची करवत आठवते का? एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तू, आणि मधे तुझ्या कमरेएवढा ओंडका. बाबा तेवढं एकच शिकवायचे, की आपण फक्त ओढायचं, ढकलायचं कधी नाही. ढकललं की पातं वाकतं. परत नेण्याचं काम समोरच्याचं. तू मात्र दोन्हीकडून काम करायला बघायचीस. पातं वाकलं की बाबा आतल्या खोलीतूनच ओरडायचे, "ठिणगी, भावावर विश्वास ठेव." त्यांना उठून पाहावंही लागायचं नाही. करवतीच्या आवाजावरून त्यांना कळायचं कोण दमलंय, कोण टंगळमंगळ करतंय आणि कोण रागावलंय. रागावलेली बहुतेक वेळा तूच असायचीस.

मला हल्ली ते सगळं फार ऐकू येतं. करवतीचं ते खर्र आणि मग खुर्र, ओंडका सुटायच्या आधीची बारीक करकर, मग तुझं "पाय काढ दादा". फोडलेलं सुकं लाकूड थप्पीवर पडलं की खणकन वाजायचं, ओलं असलं की नुसतं बद्द. आई पत्र्याच्या दारावर पळी वाजवून जेवायला बोलवायची आणि आपण ऐकलंच नाही असं दाखवून शेवटचा ओंडका संपवायचो. तुझा आवाज तेव्हा घोगरा होता, शेजारच्या शिंप्याला वाटायचं वखारीत दोन मुलगे आहेत. हे सगळं इतकं स्पष्ट आठवतं, की कधी कधी मी हातातलं काम थांबवून ऐकत बसतो.

मग मशीन आलं. एका बाजूनं अख्खा ओंडका घालायचा, आतली करवत त्याचे तुकडे करणार, मागचा दांडा तो तुकडा पाचरीवर रेटणार, आणि दुसऱ्या बाजूनं पट्ट्यावरून चार-चार फाका बाहेर. चार माणसांचं आठवड्याचं काम एका दिवसात. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. तू माहेरपणाला आली होतीस. अंगणात उभी राहून कानांवर हात ठेवून तू पाहत राहिलीस आणि मशीन बंद झाल्यावर म्हणालीस, की दादा, हे कानामागून आलं नि तिखट झालं, आता या अंगणात कोणी कोणाशी बोलायचं नाही. मी हसलो. तू रागावून त्याच संध्याकाळी निघालीस. तुझं ते बोलणं मी मनात धरून बसलोय असं तुला वाटत आलं आहे. तुझ्या वहिनीलाही तसंच वाटत होतं. मी तुला कधी सांगितलं नाही, की मला त्या बोलण्याचा राग आलाच नव्हता. तू खरंच बोललीस, एवढंच.

अंगणात बोलणं संपलं. आम्ही सगळे हातांनी बोलायला लागलो. पंजा दाखवला की थांब. दोन बोटं खाली केली की इंजिन हळू कर. मुठीवर मूठ म्हणजे ओंडका अडकला, आणि अंगठा ओठाला लावला की चहा. गिऱ्हाईकही खुणेनंच बोलायचं. त्या गदारोळात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. त्यामुळे ज्याला खरोखरच ऐकू येत नाही असा माणूस त्यात मजेत लपून राहू शकतो. मी तसा बरीच वर्षं राहिलो.

मला ऐकू येत नाही, ठिणगे.

लिहिलं एकदाचं. पहिल्यांदा पाखरं गेली. मला वाटलं, अंगणात मशीनमुळे येत नसतील. मग आतल्या खोलीतलं घड्याळ गेलं, मग बायकांचे आणि मुलांचे आवाज. पुरुषांचे जाड आवाज थोडे जास्त टिकले. डावा कान आता पार गेला आहे आणि उजव्यात तळघरात कोणी सामान हलवावं इतकंच येतं. मशीनबरोबर आवाज अडवायला कानाला लावायच्या टोप्या मिळाल्या होत्या, त्या मी खिळ्याला टांगून ठेवल्या. म्हटलं, लाकूड काय म्हणतंय ते ऐकू नको का यायला?

घरात कोणाला कसं कळलं नाही म्हणशील. अगं, नवरा ऐकत नाही ही तक्रार कुठल्या घरात नसते? तुझी वहिनी चार वेळा हाक मारून थकली की "तुम्हाला मुद्दामच ऐकायचं नसतं" म्हणून निघून जायची. मला तेच सोयीचं होतं. आडमुठा म्हणवून घेणं सोपं वाटलं, बहिरा म्हणवून घेणं जमेना. आणि तुझा फोन आला की मी लांबूनच तिला हात करायचो, मशीनवर आहेत म्हणून सांग. मशीन बंद असलं तरी. ती बिचारी तसंच सांगायची आणि फोन ठेवून माझ्याकडे अशी बघायची, की सख्ख्या बहिणीशी असं वागणारा माणूस तिच्या नशिबी कसा आला.

तुझ्या शेवटच्या फोनच्या थोडं आधी, भाचीच्या लग्नातही तू पाहिलंस. मी आलो आणि मांडवात थेट लाऊडस्पीकरखाली जाऊन बसलो. लोकांना वाटलं मामा रुसलाय. तिथं कोणी बोलायला येत नाही, म्हणून मी ती जागा निवडली होती. तू दोनदा येऊन काहीतरी बोललीस, मी दोनदा मान हलवली. जेवणाआधीच निघालो. परतीच्या वाटेवर स्वतःचीच लाज वाटत होती, तरी घरी येऊन तुला लिहिण्याचं धाडस झालं नाही.

आता बिंग फुटलं ते या नव्या नियमांमुळे. जो मशीन चालवणार त्याचे डोळे आणि कान दरवर्षी तपासायचे, त्याशिवाय परवाना नाही. डोळे पास झाले. कानांसाठी काचेच्या एका खोलीत बसवलं, टोप्या चढवल्या, आवाज आला की हात वर करा म्हणून सांगितलं. काचेपलीकडे एक मुलगी बटणं दाबत होती. मी काही कमी नाही. तिचा खांदा हलला की मी हात वर. खांदा हलला, हात वर. शाळेत कधी पडले नसतील इतके मार्क पडत होते. तिला बहुधा संशय आला. ती हसली आणि खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसली. मग मी नुसता बसून राहिलो, गुडघ्यांवर हात ठेवून. आवाज येईल म्हणून वाट पाहत होतो. शेवटी तीच दार उघडून आत आली, माझ्या कानांवरच्या टोप्या काढल्या आणि माझ्यासमोर बसून सावकाश म्हणाली, "काका, केव्हाच संपलं." ते मी तिच्या ओठांवर वाचलं.

बाहेर तुझी वहिनी होती. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रागावली. म्हणाली, इतकी वर्षं मी तुम्हाला घातलेल्या शिव्या सगळ्या फुकट गेल्या म्हणायच्या. मग बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. घरी येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. परवाना आता तिच्या नावावर आहे. परीक्षा देऊन पहिल्याच फटक्यात पास झाली, आणि कानाला टोप्या लावल्याशिवाय ती कोणाला मशीनच्या जाळीजवळ फिरकू देत नाही. मी थप्प्या रचतो, आणि मशीनला न झेपणारं गाठीचं लाकूड कुऱ्हाडीनं फोडतो. घाव बरोबर बसला की नाही ते तळहाताला कळतं. त्यात सुख आहे. कानाचं यंत्र मिळणार आहे, त्यानं समोरचा माणूस थोडा ऐकू येईल, पण फोनवरचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठलो. अंगण झाडून झालं होतं तरी पुन्हा झाडलं. खरी गाठ पुढे आहे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तुझा फोन आला होता. वहिनी घरी नव्हती. फोन टेबलावर थरथरत होता, त्यावर तुझं नाव. मी नेहमीसारखा तसाच पडू दिला असता. पण मला तुझी फार आठवण येत होती गं. वाटलं, घोगरा आवाज आहे, एखादा शब्द तरी येईल. उचलला आणि कानाला लावून म्हणालो, बोल. मग काहीच नाही. तू बोलत होतीस हे मला समजत होतं, कारण फोन कानाशी किंचित थरथरत होता. मी अंदाजानं म्हणालो, हो. थोडा थांबलो. म्हणालो, बरं. मला फोन ठेववत नव्हता. तू त्या टोकाला आहेस एवढंच पुरे होतं. पुन्हा हो म्हणालो. शेवटी तुला उशीर होत असेल म्हणून म्हणालो, ठीक आहे, तसंच कर. कानापासून काढला तेव्हा पडदा काळा झाला होता. तू केव्हा ठेवलास ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर तुझा फोन आला नाही. वहिनीनं मला विचारलं, वन्संना काही बोललात का? मी नाही म्हणालो. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

तू काय विचारलं होतंस, ठिणगे? मी दोन वर्षं तेच जुळवत बसलो आहे. कधी वाटतं, तू घरचं काही साधं विचारलं असशील आणि नंतर संसारात गुंतली असशील. पण तसं नाही, हे मला आतून कळतं. तू विचारलं असशील, दादा, माझ्यावर अजून राग आहे का? आणि मी म्हणालो, हो. तू विचारलं असशील, मी फोन केलेला तुला नकोसा होतो का? आणि मी म्हणालो, बरं, हो. मग तू म्हणाली असशील, यापुढे नाही करत. आणि मी तुला म्हणालो, तसंच कर.

असं झालं असेल तर ते तू माझ्या तोंडून ऐकलंस, आणि मी मात्र ऐकलं नाही. त्या दिवशीचं माझं एकही उत्तर धरू नकोस. तू जे विचारलंस ते जसंच्या तसं कागदावर लिहून पाठव, कितीही कडू असलं तरी. मला वाचता येतं. एकेका प्रश्नाचं उत्तर मी पुन्हा देईन, या वेळी प्रश्न वाचून. किंवा स्वतः ये आणि माझ्यासमोर उभी राहून विचार. हळू बोललीस तर मला कळेल, आणि नाही कळलं तर मी कळलं म्हणणार नाही.

तू काय विचारलंस ते न ऐकताच तुला हो म्हणालेला,
तुझा दादा