मासोळीचं औषध

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

प्रिय रंजीता,

वर्षभर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे तीन फोन आले, तेव्हा मी कामात नव्हते. वाजणाऱ्या फोनकडे बघत बसले होते. माफ कर. तुझ्या बाबांच्या, वारलूकाकांच्या तेरवीलाही मी आले होते. मांडवामागे भांडी घासणाऱ्या बायांत बसले, म्हणून तुला दिसले नाही. फोनवर माझ्याकडून सहज खोटं बोललं जातं. कागदावर ते तेवढं सोपं नसतं.

तू गडचांदूरला नांदायला गेलीस त्यानंतर आम्ही मासेमार ढीवर बायांनी बचत गट काढला, हे तुला माहीत आहे. आम्ही काय बनवतो ते तू कधी विचारलं नाहीस. तलावाची मासोळी विकली की डोकी, आतडी, खवले उरतात. त्यात तेवढ्याच वजनाचा गूळ घालून निळ्या ड्रमात महिनाभर झाकून ठेवायचं, रोज ढवळायचं. हळूहळू सगळं विरघळतं. वरचं तपकिरी पाणी गाळलं की झालं अमिनो, धानाचं औषध. पंपात थोडं टाकून धानावर फवारलं की आठ दिवसांत पान काळंभोर हिरवं होतं. मी बी.एस्सी. झालेली, म्हणून समजावून सांगायचं काम माझं. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, मी सांगायची. दोरा तुटला की मणी सुटतात आणि धान ते उचलतं. मणी कुणाचे होते हे पानाला कळत नाही. बाया हसायच्या. खोटं नव्हतं ते. चंद्रपूरच्या दुकानात चकचकीत बाटल्यांतून विकतात ते अमिनो कुणी कोंबडीच्या पिसांपासून काढतं, कुणी सोयाबीनच्या पेंडीपासून, कुणी न्हाव्याकडून गोळा केलेल्या केसांपासून. तेच मणी पुढे कोंबड्यांच्या खाद्यात जातात, पावाच्या पिठात जातात, दवाखान्यात सलाईनमधून माणसाच्या अंगात जातात. अमर नावाचा एक व्यापारी आमचा माल बघायला आला होता. म्हणाला, “मॅडम, तुमच्या मालात दम हाय, पण वास लय हाय. कंपनीच्या पांढऱ्या पावडरीले वासच नसते. वास काढाचेच तर पैसे लागते.” आमच्याकडे वास काढायची सोय नव्हती. तरी त्याने दोनशे लिटर सांगितलं.

त्या वासाबद्दल लिहायला हवं. पहिले दोन आठवडे घाण येते. चौथ्या आठवड्यात तो बदलतो, आंबूस-गोड होतो, उन्हात पडलेल्या मोहाच्या फुलांसारखा. आधी मांजरी आल्या. मग भर दिवसा मुंगूस. मग रानडुकरांनी शेडचं अंगण उकरलं. आणि मग तो आला, ज्याने कशालाच तोंड लावलं नाही. आपल्याकडे रानाच्या कडेला त्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा मीही लिहीत नाही. मोहर्लीच्या फाटकातून लोक सफारीच्या गाड्यांत बसून ज्याला बघायला जातात, तोच.

गेल्या वर्षी २८ ऑगस्टला सकाळी सहाला मी शेड उघडायला गेले. ओल्या मातीत ठसे होते, माझ्या पसरलेल्या पंजाएवढे. शेडला एक पूर्ण फेरी घातलेली. दाराच्या समोर, दहा पावलांवर, गवत लांबट दबलेलं होतं. मी त्यावर हात ठेवला. ते कोमट होतं. तलावावर त्या वेळी एकही बगळा नव्हता. बेडूकसुद्धा ओरडत नव्हते.

रंजीता, मी खराटा आणला आणि ते ठसे झाडून टाकले. गवत पायाने उलटं फिरवून उभं केलं. त्या दिवशी अमर माल न्यायला येणार होता. गटातल्या रुपालीने किंवा दुसऱ्या कुणी ठसे पाहिले असते तर कुणी कामाला आलं नसतं, वनखात्याने शेड बंद केली असती. माझ्या डायरीत त्या तारखेला दोनच शब्द आहेत: अंगण झाडलं. मी ते पान किती वेळा वाचलं असेल. त्यात खोटं काहीच नाही.

दोन आठवड्यांनी काका रस्त्यात भेटले. फवारणी करून येत होते. पंप गळका होता. सदरा पाठीपासून कमरेपर्यंत तपकिरी भिजलेला. मला पाहून हसले. “जयी, तुया औषधानं मी मासोळीच झालो व. बुढी जवळ बसू देत नाई मले.” मीही हसले. म्हटलं, काका, पंपाचा वायसर बदला. एवढंच म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पंप घेऊन एकटेच धानाच्या बांधीवर गेले, आणि फवारून झाल्यावर धुऱ्याशी, शेताच्या बांधाला, वाकून गवत काढत होते. पुढचं तुला माहीत आहे.

वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो, असं पंचनाम्याच्या वेळी सगळे म्हणाले. खरंही असेल. मी खूप शोधलं. मासोळीच्या वासाने तो येतो असं मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही. डुकरं येतात आणि डुकरांमागे तो येतो, असंही असेल. किंवा आमच्या ड्रमांचा काही संबंधच नसेल. मला खरंच माहीत नाही. पण तो गावाच्या एवढ्या जवळ फिरतो आहे हे मला माहीत होतं आणि काकांना नव्हतं. माहीत असतं तर ते एकटे गेले नसते.

तुमचा कुत्रा लाल्या अधूनमधून माझ्या दाराशी येतो. माझा हात हुंगतो आणि पाठीवरचे केस उभे करून मागे मागे सरकत जातो. मी राखेने धुते, लिंबाने धुते. तो पुन्हा येतो, पुन्हा हुंगतो.

परवा, शुक्रवारी सकाळी, शेडभोवती पुन्हा ठसे दिसले. तशीच पूर्ण फेरी. या वेळी मी खराटा घेतला नाही, ठशावर टोपली पालथी घातली आणि वनरक्षक दिव्यानीला बोलावलं. तिने माप घेतलं, शेड बंद ठेवायला सांगितलं आणि विचारलं, “ताई, पयले कधी आला होता का इथी?” मी म्हणाले, नाई. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

त्याच संध्याकाळी रुपाली म्हणाली की तिने तुझ्या भावाला, प्रफुलला, गुरुवारी दोन बाटल्या दिल्या. वर्षभर पडीक राहिलेली बांधी त्याने यंदा लावली आहे. काल मी तुमच्या घरी गेले. तुझ्या आईने, सीताकाकूंनी, चहा केला. बाटल्या कोनाड्यात होत्या, काकांच्या हार घातलेल्या फोटोखाली. दाराशी तोच पंप. प्रफुलने पाणी भरून तपासला असावा, खालची जमीन ओली होती. काकू म्हणाल्या, “तुयाच औषधानं धान उभा झाला होता त्या साली. तुये काका म्हणत, जयी हाय म्हणून बांधी हाय. सोमवारी फवारते आता प्रफुल.” मी चहा प्यायले. कप विसळून ठेवला. परत आले.

सोमवार उद्याच आहे. तोंडाने सांगायला गेले की मी चहा पिऊन परत येते, हे आता मला कळलं आहे, म्हणून हे सगळं लिहून काढलं. पाकीट चिकटवणार नाही. आधी हे प्रफुलच्या हातात देणार, तो वाचेपर्यंत समोर उभी राहणार. मग पोस्टात टाकायचं, चुलीत घालायचं की दिव्यानीकडे न्यायचं, ते त्याने ठरवावं. तुझ्यापर्यंत हे पोचलं असेल, तर तुझ्या भावाने ते वाचून पाठवलं आहे, आणि त्याने बाटली उघडलेली नाही.

तुझीच,
जया

उद्याचं काम: प्रफुल पंप भरायच्या आत त्याच्या दारात पोचणे.