बिनखांबाची तुळई

जुळे सोलापूर
ता. ११ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सून ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की खालच्या हेमावतीकाकू जिना चढून विचारायला येतात, सासऱ्याशी भांडण झालं का. म्हणून पत्र.

घराचं काम काढलंय. ओटा झाला, रंग चालू आहे. आता हॉलमधल्या तीन तुळया काढणार. आधीच्या मालकाची हौस ती, मला पहिल्या दिवसापासून खुपतेय. हमजाभाई मिस्त्री म्हणाले, सकाळी हात लावला तर जेवायच्या आत तिन्ही खाली.

आता खरं बोलते. वास्तुशांतीला आलात, एक रात्र हॉलमध्ये झोपलात आणि पहिल्या एसटीनं करकंबला परत. त्याला दोन वर्षं झाली. सासूबाईंच्या माघारी तिकडे एकटे राहता, स्वतः भाकरी थापता, पण इकडे या म्हटलं की म्हैस आडवी येते. फोन केला की एकच विचारता, हॉलमध्ये कोण झोपत नाही ना? अहो, तुम्हीच येऊन झोपा की! तुमचा लेक शिवराज म्हणतो, आमचे अण्णा तसेच आहेत. मला मात्र वाटतं, माझंच काही चुकलं. आमटी आळणी होती? गादी टोचली? सांगून टाका. थोडी रडेन, पण सुधारेन.

लोभ आहेच, तो म्हशीपेक्षा पावशेर जास्त असावा.
तुमची ऋतुजा


करकंब
ता. १५ नोव्हेंबर

चि. सौ. ऋतुजास,
महिपतीचे अनेक आशीर्वाद.

काम हाय तितंच थांबव आन् शिवराजला शिडीवरनं उतरव. अगं, तुळया काढतंय व्हय कुणी? वरचं सगळं वज्जं तिच्यावरच की! माझ्या बापानं माळवदाची एक तुळई बदलली तर आख्खी गल्ली गोळा झालती. तुमचा मिस्त्री जेवायच्या आत तीन काढतो म्हणतोय. त्याला आदी इचार, जेवायला कोण उरणार हाय का?

काढायच्याच आसल्या तर रीतीनं काढा. पैलं टेकू लावा. मग नारळ फोडा. तिनं घर डोक्यावर घेतलेलं आसतं, उतरवताना हात जोडायचे. तोडायची न्हाय, इकायची न्हाय, चुलीत तर न्हायच न्हाय. टेम्पोत घालून हिकडं धाडा, माझ्या गोठ्याचं आढं वाकलंय. शेजारच्या भीमाशंकरला सांगून ठिवलंय, त्यो तालमीतली पोरं घिऊन उतरवायला येतोय. दोन वरसं माझ्याकडनं तुमच्या सागवानाचं ऐकतोय, आता डोळ्यानं बघू दे.

आमटी झ्याक हुती. गादी मऊ हुती. तुझं कायबी चुकलं न्हाय. म्हशीला सोडून जमत न्हाय, येवडंच.

जपून ऱ्हावा, वर बगत ऱ्हावा.
महिपती


जुळे सोलापूर
ता. २० नोव्हेंबर

ती. मामांस,
घाईतला नमस्कार.

देवा, हे पत्र टेम्पोच्या आधी पोचू दे.

मामा, त्या तुळया खऱ्या नाहीत. वर सिमेंटचा स्लॅब आहे, तो त्याच्या त्याच्या ताकदीवर उभा आहे. तुळया म्हणजे प्लायवूडच्या पेट्या, वरून लाकडाच्या रंगाचा कागद डकवलेला, आत हवा. नुसती शोभा. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल! हमजाभाईंनी एक सोडवली, बगलेत धरली आणि दुसऱ्या हातानं चहा प्यायले.

तरी रीत केली. टेकू म्हणून स्टूल लावलं. नारळ फोडला. हमजाभाई म्हणाले, भाभी, खोक्याला नारळ पहिल्यांदाच बघतोय, आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा त्यांनीच घेतला.

मी म्हटलं, भंगारात देऊ. शिवराज म्हणाला, अण्णा गावभर सांगून बसलेत, त्यांना खोटं कसं पाडायचं? आता खोट्या तुळया पाठवून त्यांना खरं कसं पाडणार, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. त्याचं एकच, अण्णांनी सांगितलंय म्हणजे धाडायचं, बस. उद्या टेम्पो निघतोय. मघाशी फोन केला तर तुम्ही नेहमीसारखं 'बरं बरं, जेवा' म्हणून ठेवून दिलात. तालमीतली पोरं बोलावू नका हो!

आणि म्हशीचं कारण मला अजून पटलेलं नाही. मागची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतलीय. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

उत्तराची नाही, तुमचीच वाट बघणारी,
ऋतुजा


करकंब
ता. २३ नोव्हेंबर

चि. सौ. ऋतुजास,
आशीर्वाद, आन् त्यातला निम्मा हमजा मिस्त्रीला.

तुझं पत्र टेम्पोच्या दुसऱ्या दिवशी आलं.

पोरं कमरंला उपरणी बांधून आलती. भीमाशंकरनं आरोळी दिली, सगळ्यांनी दातओठ खाऊन जोर लावला आन् तुळई गेली आभाळात! पोरं उताणी. भीमाशंकर उकिरड्यात बसला आन् तुळई त्याच्या मांडीवर, ल्येकरू घेतल्यागत. मग त्योच म्हणला, महिपती, तुझं सागवान लई गुणाचं हाय की, कडंवर बी येतंय.

गाव हासलं. मला राग यायचा, तर झोप आली. व्हय. दोन वरसांची ऱ्हायलेली.

वास्तुशांतीच्या राती तुमच्या हॉलात उताणा पडलो आन् वर बघितलं. येवडाली तुळई, आन् खाली खांब न्हाय. हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, खांबच न्हाय! आता पडती का मग पडती, करत रात काढली. तुमी दोगं आतल्या खोलीत, येवडाच जिवाला आधार. पोरानं हौसंनं घेतलेल्या घराला पैल्याच दिवशी नाव कसं ठिवायचं? म्हणून म्हशीला पुढं केली. बिचारी फुकट बदनाम झाली. तूबी फुकट आमटीला दोष दिलास.

एक तुळई गोठ्यात आडवी टाकलीया, कोंबडीनं आत अंडी घातली. म्हशीचं भीमाशंकर बघतो म्हणला. पुढल्या रविवारच्या एसटीनं येतोय, ऱ्हायला. आमटी तशीच कर.

माया हाय तशीच हाय, खाली खांब घालून.
तुझा मामा,
महिपती

ता. क. मागच्या खोलीतला पंखा कशाच्या आधारानं टांगलाय, ते मिस्त्रीला इचारून ठेव. त्यालाबी खाली खांब नसंल.